वायूसाठी भोक, भोकासाठी रस्ता

प्रश्न : अमेरिकेत कोळशाच्या एका खाणीतला वायू बाहेर काढण्यासाठी डोंगरावर रस्ता करायचा होता आणि त्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले, असे वाचनात आले. वायू तर हलका असतो, तो आपोआप वर येणार. त्यासाठी रस्ता कशाला? आणि वीतभर रुंदीचे भोक पाडायला एवढ्या परवानग्या का लागाव्यात? उद्या आमच्या बागच्या डोंगरांत कोणी ड्रिलिंगचे यंत्र न्यायचे म्हटले, तर त्याने कोणाकोणाला विचारले पाहिजे?
— एक वाचक, बाग (जि. धार)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. वायू वर का येत नाही, भोकासाठी रस्ता का लागतो, आणि परवानगी नेमकी कशाची घ्यायची. पहिलीचा उलगडा झाल्याशिवाय तिसरीचे उत्तर पटणार नाही, म्हणून क्रमानेच जाऊ.

झाडपाला कोट्यवधी वर्षे गाडला जाऊन त्याचा कोळसा होतो, तेव्हा मिथेन वायूही तयार होतो. तो कोळशातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत, वरच्या खडकाच्या दाबाखाली चिकटून बसलेला असतो. खाणकाम सुरू झाले की दाब उतरतो आणि वायू सुटू लागतो. तो हवेपेक्षा हलका असतो हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. त्याचे वजन हवेच्या साधारण निम्मे. पण खाणीच्या डोक्यावर शे-दोनशे मीटर, कधी त्याहूनही जास्त खडक असतो. त्यामुळे हलका वायू वर चढतो तो फक्त खाणीच्या छतापर्यंत, आणि तिथेच साचतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. झारखंडमधल्या (तेव्हाच्या बिहारमधल्या) ढोरी खाणीत 28 मे 1965 रोजी झालेल्या स्फोटात 268 कामगार मृत्युमुखी पडले. 2006 च्या सप्टेंबरात धनबादजवळच्या भाटडीह खाणीतल्या स्फोटाने 50 जणांचा बळी घेतला. म्हणून आपल्या कोळसा खाण नियमांत मिथेन सव्वा टक्क्याला पोहोचला की तिथली वीज तोडायची आणि माणसे बाहेर काढायची, असा दंडक आहे. स्फोटाची पातळी पाच टक्क्यांची, आणि नियम सव्वा टक्क्यालाच काम थांबवतो. मधले अंतर हे माणसांना बाहेर पडायला मिळणारा वेळ आहे.

पंख्याने हवा खेळवली की काम भागेल असे वाटते, आणि कमी वायूच्या खाणींत भागतेही. आपल्याकडे कोळशाच्या थरांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या पायरीत एक टन कोळसा काढताना 10 घनमीटरपेक्षा जास्त वायू सुटतो. हिशेब करून पाहा. समजा अशा खाणीतून रोज 5,000 टन कोळसा निघतो. म्हणजे रोज किमान 50,000 घनमीटर मिथेन. तो सव्वा टक्क्याच्याही बराच खाली, पाऊण टक्क्याच्या आत ठेवायचा तर सेकंदाला सुमारे 77 घनमीटर ताजी हवा, दिवसरात्र, एक क्षणही न थांबता, फक्त तेवढ्यासाठी आत ढकलावी लागेल. उत्पादन वाढले की हा आकडाही वाढत जातो. एका मर्यादेनंतर बोगद्यांतून तेवढी हवा जाऊच शकत नाही. मग हवेत मिसळण्याआधीच वायू खेचून काढणे एवढा एकच मार्ग उरतो.

आता डोंगराकडे येऊ. मोठ्या भूमिगत खाणींत 'लाँगवॉल' नावाची पद्धत वापरतात. शे-दोनशे मीटर किंवा त्याहून जास्त लांबीची कोळशाची भिंत एक यंत्र पुढे-मागे फिरत तासत जाते. यंत्र आणि त्याचे लोखंडी टेकू पुढे सरकतात आणि मागचे छत मुद्दाम कोसळू दिले जाते. त्या कोसळलेल्या पोकळीला खाणकामगार गोफ म्हणतात. छत पडताना वरच्या खडकांत भेगा जातात, वरच्या पातळ कोळसाथरांतला वायूही त्या भेगांतून खाली गोफात उतरतो. गोफ म्हणजे वायूचे कोठार, आणि त्याच्या अगदी लगत माणसे काम करत असतात.

उपाय असा करतात की भिंत तिथे पोहोचण्यापूर्वीच जमिनीवरून एक उभे भोक पाडायचे. ते कोळशाच्या थराच्या थोडे वरच थांबवायचे, खालच्या भागात फटी असलेला पाइप बसवायचा आणि वर शोषक पंप लावायचा. भिंत खालून पुढे गेली, छत कोसळले, भेगा पडल्या की वायू त्या पाइपातून वर येऊ लागतो. पण भिंत रोज पुढे सरकत असते. त्यामुळे एका भोकाचा उपयोग काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षे. पुढच्या पट्ट्यासाठी दुसरे भोक, त्यापुढे तिसरे. खाण जमिनीखालून जिकडे जाईल तिकडे वर, डोंगराच्या पाठीवर, भोकांची रांग तिच्या मागोमाग जाते. खाणीचे तोंड दरीत असते आणि भोके पाडायची असतात वर, जिथे बहुधा जंगल असते. रस्त्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

खाणीच्या आतूनच तिरकी भोके पाडून वायू काढता येत नाही का, असे तुम्ही लगेच विचाराल. येतो. झरियातल्या मुनिडीह खाणीत असे काम झाले आहे आणि त्या वायूवर जनित्रे चालवून वीजही तयार केली गेली. युरोपातल्या जुन्या खाणींत ही पद्धत दशकानुदशके वापरात होती. अडचण एवढीच की आतली भोके खाणकामाच्या वेगाबरोबर पाडत जावी लागतात आणि गोफाच्या वरच्या भागातला सगळा वायू त्यांना सापडतोच असे नाही. आजकाल एकाच जागेवरून वळणदार भोके दूरवर नेण्याचे तंत्रही आले आहे. त्याने वरच्या जागांची आणि रस्त्यांची संख्या घटते. ते महाग पडते. म्हणून 'रस्त्याशिवाय गत्यंतर नाही' असे कोणी म्हणाले तर आधी विचारावे की आतून किती निघेल आणि एका जागेवरून किती भोके होतील. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की लागणाऱ्या रस्त्याची लांबी बरीच खाली येते, असे माझे मत आहे.

तुम्ही वाचलेले प्रकरण कोलोरॅडो राज्यातल्या वेस्ट एल्क खाणीचे असणार. राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, सोमरसेट या छोट्या गावाजवळ ती आहे. खाण भरपूर वायूची, पद्धत लाँगवॉल, आणि वरचे जंगल सरकारी राष्ट्रीय वनातले. त्यातला 'सनसेट' नावाचा भाग असा राखलेला की तिथे रस्तेच करायचे नाहीत. अमेरिकेत 2001 पासून राष्ट्रीय वनांतील मोठ्या क्षेत्रांना असे संरक्षण आहे आणि कोलोरॅडोने 2012 मध्ये आपला स्वतंत्र नियम केला. त्या नियमात सुमारे 19,000 एकरांवर एक सवलत होती. कोळसा खाणीसाठी तिथे तात्पुरते रस्ते करता येतील. खाणीला सुमारे 1,700 एकर नवे क्षेत्र जोडून हवे होते. आराखड्यात वायूच्या भोकांसाठी 48 जागा आणि सहा मैलांहून जास्त रस्ते होते.

2014 च्या जूनमध्ये संघीय जिल्हा न्यायाधीशांनी ही मंजुरी अडवली. कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारी खात्यांनी खाणीतून मिळणाऱ्या रोजगाराचा आणि महसुलाचा पैशांत हिशेब मांडला होता. पण हवेत सोडल्या जाणाऱ्या वायूंच्या नुकसानीचा हिशेब, तो करायची सरकारमान्य पद्धत हाताशी असूनही, टाळला होता. एका पारड्यात आकडे आणि दुसऱ्यात मौन, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, हे इथे ध्यानात घ्यावे लागते. खाणीतून काढलेला वायू वापरला किंवा जाळला नाही आणि नुसताच सोडला, तर खाणीतल्या माणसांचा धोका टळतो, पण तो वायू वातावरणात जातोच.

नंतर 2016 च्या अखेरीस सवलत पुन्हा दिली गेली, 2017 मध्ये क्षेत्र जोडण्यास मंजुरी मिळाली, आणि पुन्हा खटले झाले. 2020 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने सवलतच रद्द ठरवली. एक भाग सवलतीतून वगळण्याचा पर्याय खात्याने नीट तपासला नाही, हे कारण दिले. तरीही त्याच वर्षी जूनमध्ये सनसेट भागात सुमारे मैलभर रस्ता डोझरने खोदला गेला. राज्याच्या खाण नियामकांनी काम थांबवायला लावले आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेले. वर्षानुवर्षांचा वाद, आणि त्यातला मैलभर रस्ता मोजक्या दिवसांत तयार. रस्त्याबाबत आधी परवानगी आणि मग काम हा क्रम पाळणे का महत्त्वाचे, ते यातून दिसते. भोक सिमेंटने बुजवता येते. कापलेला डोंगर पुन्हा पूर्वीसारखा रचता येत नाही.

इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. डोंगरावरचा कच्चा रस्ता म्हणजे जेसीबीने दोन दिवस फिरायचे काम, असे वाटते. ड्रिलिंगची रिग ट्रकवर बसवलेली असते, वजन वीस-तीस टनांच्या घरात. तिच्यामागे पाण्याचा टँकर, पाइपांची गाडी, सिमेंट, डिझेल, कॉम्प्रेसर. हा ताफा बैलगाडीच्या वाटेने चढत नाही. आपल्या भारतीय रस्ता काँग्रेसच्या घाटरस्त्यांच्या मानकांत चढ साधारण पाच-सहा टक्क्यांपर्यंत ठेवावा, अगदी नाइलाज असेल तर आठ टक्क्यांपर्यंत, असे आहे. हेअरपिन वळणावर आतल्या कडेची त्रिज्या किमान 14 मीटर आणि चढ 40 मीटरला एक मीटर एवढाच. तुमच्या धार जिल्ह्यातल्या आग्रा–मुंबई रस्त्यावरचा गणपती घाट आठवा. उताराने ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे किती जीव घेतले आणि शेवटी पर्यायी मार्ग काढावा लागला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. चढाचा आकडा कागदावर एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे झाला की घाटात त्याचा अर्थ कसा बदलतो, ते तिथे कळते.

आता एक सोपा हिशेब. शंभर मीटर उंची गाठायची आहे. ड्रिलिंगसाठीचा रस्ता म्हणून सूट घेऊन 12 मीटरला एक मीटर एवढा चढ ठेवला, तरी लांबी झाली 1,200 मीटर. डोंगराचा उतार दोनाला एक धरा, म्हणजे दोन मीटर आडवे गेले की एक मीटर खाली. अशा उतारावर पाच मीटर रुंदीचा सपाट पट्टा पूर्ण कापून काढायचा तर वरच्या कडेला अडीच मीटर उंचीची भिंत तयार होते आणि रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे सव्वासहा घनमीटर माती-दगड निघतो. 1,200 मीटरला 7,500 घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरच्या 750 खेपा, आणि उकरलेली माती फुगते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. हा मलबा उचलून नेण्याची तजवीज नसेल, तर पोकलेनवाला तो सरळ दरीकडे लोटतो. त्याखाली झाडे गाडली जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात उरलेला मलबा ओढ्यात जातो. वरची भिंत उभी टिकत नाही, म्हणून तिला मागे ढाळ द्यावा लागतो. खालच्या बाजूला भराव येतो. पाच मीटरच्या रस्त्यासाठी दहा मीटरचा पट्टा सहज उघडा पडतो, म्हणजे 1,200 मीटरला 1.2 हेक्टर. टोकाला रिग उभी करायला अर्धा-एक एकर सपाट जागा वेगळी. भोक वीत-दीड वितीचेच.

पाण्याचे तर आणखी वेगळे. डोंगरावरचे पाणी शेकडो बारीक वाटांनी खाली येत असते. रस्ता त्या सगळ्या वाटा आडव्या छेदतो आणि पाणी गोळा करून एका जागी सोडतो. तिथे मोरी नसली किंवा लहान असली, तर त्या एका जागेखाली घळ पडते. चांगल्या आराखड्यात वरच्या कडेला गटार, ठरावीक अंतरावर मोऱ्या, मोरीच्या तोंडाखाली दगडांची बिछायत आणि रस्त्याला आडवे उथळ चर असतात. रस्त्याचा नकाशा पाहायला मिळाला तर आधी मोऱ्या मोजाव्यात. अमुक इतके किलोमीटर रस्ता, हा आकडा सगळेच सांगतात. मोऱ्यांचा आकडा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता तुमच्या बागकडे. कोळशाच्या वायूसाठी तिथे कोणी येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. भारतातला बहुतेक कोळसा गोंडवन खडकांतला आहे. तुमच्या राज्यात तो छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान खोऱ्यात, बैतुलच्या पाथाखेड्यात, शहडोलकडे सोहागपूरला आणि सिंगरौलीला सापडतो. सोहागपूरला कोळशाच्या थरांतला वायू खाण न खोदताच भोके पाडून काढतात. 2017 पासून तिथे व्यापारी उत्पादन सुरू आहे आणि शहडोल ते उत्तर प्रदेशातल्या फूलपूरपर्यंत सुमारे 302 किलोमीटरची वाहिनी त्यासाठी टाकली आहे. कोल इंडियाच्या ताब्यातल्या खाणपट्ट्यांतही असा वायू काढण्याची वाट 2018 च्या अधिसूचनेने मोकळी झाली. पाथाखेडा आणि पेंच-कन्हानच्या खाणी सातपुड्यात आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या त्या भूमिगत खाणींवर उद्या वायूची भोके पाडायची ठरली, तर तुमच्या शंकेतला प्रश्न तिथे जसाच्या तसा उभा राहील.

बागचे खडक वेगळे. निमाड वाळूखडक, त्यावर समुद्रात बनलेले चुनखडीचे थर आणि सर्वांत वर दख्खनचा काळा कातळ. इथे ड्रिलिंगची गाडी आली तर ती पाण्यासाठी, चुनखडीच्या शोधासाठी किंवा खडकांच्या अभ्यासासाठी येईल. मनावरकडे सिमेंटसाठी चुनखडी खणली जातेच. पण गाडी कशासाठीही आली तरी डोंगर कापायचे गणित बदलत नाही, आणि बागमध्ये ते अधिक जपून मांडावे लागते. कारण तुमच्या डोंगरांच्या थरांत काय आहे ते पाहा. बाग आणि कुक्षीच्या टापूत डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवल्याचा संशोधनलेख 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. पाडल्यासारख्या गावांत अशी गोल दगडी अंडी लोक शेताचा राखणदार म्हणून काकड भैरव या नावाने पुजत आले होते. ही अंडी काही शेकडो मीटर खोल नसतात, कापलेल्या उताराच्या तोंडावरच दिसतात. पोकलेनचा फाळ एका फेरीत असे घरटे उखडू शकतो, आणि चालवणाऱ्याला तो फक्त एक गोल धोंडा वाटेल.

दुसरे, बागची लेणी. ती निमाड वाळूखडकात कोरलेली आहेत आणि वरच्या थरांतून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांची छते शतकानुशतके खचत आणि चित्रे झिजत आली आहेत. वरून पाण्याची वाट बदलली तर खालच्या लेण्यावर त्याचा परिणाम होणार. तिसरे, बाघिनी नदी. बागच्या ठशांच्या कापडाची ख्याती असलेली खत्री घराणी कापड तिच्या वाहत्या पाण्यात धुतात. वरच्या उतारावरचा गाळ नदीत आला तर तो आधी त्यांच्या घाटावर दिसेल.

आता परवानगी. सगळे एकाच खिडकीवर मिळते हा समज सोडावा लागेल. पहिली पायरी म्हणजे जमीन कोणाची, हे पाहणे. पटवाऱ्याकडचा खसरा (जमिनीचा उतारा) आणि वनविभागाचा नकाशा हे दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय पुढे काहीही ठरवू नये. जमीन वनाची निघाली तर 1980 चा वन कायदा लागू होतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' झाले. वनाची जमीन बिगर-वन कामासाठी वापरायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. अर्ज 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर जातो, वनमंडल अधिकारी जागा पाहतो, आणि मंजुरी दोन टप्प्यांत मिळते. पहिल्या टप्प्यात अटी घातल्या जातात, त्यात भरपाईची वृक्षलागवड आणि जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम भरणे येते. त्या पुऱ्या झाल्या की अंतिम मंजुरी.

2023 च्या दुरुस्तीने शोधमोहिमा आणि पाहणी ही कामे केंद्र सरकारने ठरवलेल्या अटींवर बिगर-वन वापर मानू नयेत, अशी तरतूद केली. त्यावरून 'शोधासाठीचे भोक म्हणजे आता परवानगीची गरजच नाही' असे सांगितले जाते. तसे नाही. सूट अटींसह आहे, आणि अटी कोणत्या, हे त्या आदेशातच वाचावे लागते. शोधाच्या नावाखाली सव्वा किलोमीटर डोंगर कापणे आणि माणसांनी उचलून नेता येईल अशा सुट्या भागांच्या छोट्या रिगने भोक पाडणे, ही दोन्ही कामे कागदावर 'शोध' असली तरी जमिनीवर त्यांत फार फरक आहे. अशा सुट्या भागांच्या रिग असतात आणि उथळ, कमी रुंदीच्या भोकांसाठी त्या पुरतात. दुर्गम भागांत रिग हेलिकॉप्टरनेही नेतात. गोफातला वायू काढायच्या रुंद, खोल भोकाला मात्र जड यंत्र लागते. म्हणून आधी विचारावे की भोक किती खोल आणि किती रुंद. रस्ता लागतो की नाही, ते त्या उत्तरावर ठरते.

आणखी एक सूट अशीच अर्धवट सांगितली जाते. त्याच दुरुस्तीत सरकारी रस्ता किंवा रेल्वेमार्गालगतच्या वनजमिनीवर वस्तीला किंवा रस्त्याकाठच्या सोयीला पोहोचण्यासाठी प्रत्येक ठिकाणी 0.10 हेक्टरपर्यंत मोकळीक आहे. 0.10 हेक्टर म्हणजे 1,000 चौरस मीटर, पाच मीटर रुंदीने फक्त 200 मीटर. आणि तीही वस्तीसाठी, ड्रिलिंगच्या जागेसाठी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यातली तरतूदही तशीच. गावाच्या शाळा, दवाखाना, रस्ता अशा सरकारी सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, हेक्टरी 75 झाडांच्या मर्यादेत. वरच्या हिशेबातला 1.2 हेक्टरचा पट्टा त्यात बसत नाही, आणि खाजगी कंपनीचा रस्ता तर मुळीच बसत नाही.

धार जिल्ह्यातला बाग-कुक्षीचा टापू संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रांतला आहे. म्हणून 1996 चा पेसा कायदा आणि मध्य प्रदेशाचे 15 नोव्हेंबर 2022 चे पेसा नियम तिथे लागू आहेत. जमीन संपादित करण्यापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत हवी आणि गौण खनिजांच्या पट्ट्यासाठी तिची शिफारस हवी. पण सिमेंटची चुनखडी, कोळसा आणि वायू ही गौण खनिजे नाहीत. त्यांच्या बाबतीत पेसातली शिफारशीची अट जशीच्या तशी लागत नाही. वनजमीन वळवायची तर वनहक्कांचे दावे निकाली निघाल्याचा आणि ग्रामसभेच्या संमतीचा दाखला केंद्राने 2009 पासून मागितला, पण रस्ते-वाहिन्यांसारख्या लांबट प्रकल्पांना 2013 मध्ये त्या संमतीतून बऱ्याच अंशी सूट दिली. इथेच मला धोका दिसतो. ड्रिलिंगच्या जागेचा रस्ता मूळ प्रकल्पातून तोडून 'लांबट प्रकल्प' म्हणून वेगळा दाखवला, तर गावाला विचारण्याची पायरी गळून पडू शकते. रस्ता, रिगची जागा, मलबा टाकायची जागा आणि पाण्याची व्यवस्था हे सगळे एकाच अर्जात एकत्र दाखवले पाहिजे, असा आग्रह ग्रामसभेने धरावा.

लेण्यांजवळ 1958 चा पुरातत्त्व कायदा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. या हद्दींत रस्त्याची आखणी शिरली तर वनविभागाने होकार दिला तरी उपयोग नाही. बागजवळच्या डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागली, तर 1972 चा वन्यजीव कायदा आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ मध्ये येते. तेल-वायूच्या शोधासाठी पर्यावरण मंजुरीही लागते. 2020 च्या जानेवारीत शोधाचे काम सौम्य गटात टाकले गेले, त्यामुळे शोधाच्या टप्प्यावर जनसुनावणी होत नाही. ती प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेळी येते. पण रस्ता शोधाच्या टप्प्यातच कापला जातो. लोकांना विचारायची वेळ येते तेव्हा डोंगर आधीच कापलेला असतो.

'तात्पुरता रस्ता' हा शब्दही इथे नीट समजून घ्यायला हवा. वेस्ट एल्कच्या आराखड्यातले रस्तेही तात्पुरतेच होते. तात्पुरत्याचा अर्थ असा की काम संपल्यावर रस्ता मोडायचा. मलबा परत उतारावर ओढून मूळ ढाळ आणायचा, घट्ट दाबलेली जमीन खोल नांगरायची, मोऱ्या काढून ओढे मोकळे करायचे, स्थानिक गवत-झाडे लावायची आणि तोंडाशी मोठे धोंडे टाकून वाट बंद करायची. हे काम रस्ता करण्याइतकेच खर्चिक असते. त्याचा खर्च आधी हमी म्हणून जमा केलेला नसेल, तर ते होत नाही आणि तात्पुरता रस्ता कायमचा होतो. मग त्यावरून लाकूड खाली येते, ट्रॅक्टर वर जातात, आणि प्रत्येक पावसाळ्यात उताराचा आणखी एक तुकडा ओढ्यात पडतो.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटली, ती वर दिली नव्हती. तुम्ही लिहिले आहे की रस्ता झाला तर फळियांतल्या (डोंगरातल्या वस्त्यांतल्या) लोकांना दवाखान्याला जायला सोय होईल, मग अडवायचे कशाला. ही मागणी अगदी रास्त आहे. आजारी माणसाला खाटेवर घालून डोंगर उतरवणाऱ्या गावाला रस्ता हवाच, आणि त्यासाठी कायद्यात वर सांगितलेली सोपी वाटही आहे. पण रिगचा रस्ता ड्रिलिंगच्या जागेकडे जातो, फळियाकडे जात नाही. त्याची आखणी कमीत कमी लांबीत माथा गाठण्यासाठी केलेली असते, गावे जोडण्यासाठी नाही, आणि कंपनी निघून गेली की त्याच्या मोऱ्या साफ करायला कोणी उरत नाही. फळियाला रस्ता हवा असेल तर ग्रामसभेने तो स्वतंत्र ठरावाने, स्वतःच्या नकाशावर मागावा.

म्हणून कोणी यंत्र घेऊन आलेच, तर त्याच्याकडे पाच गोष्टी लेखी मागा. भोकाची खोली आणि रुंदी. आखणीचा नकाशा, त्यावर वनहद्द, लेण्यांचे 300 मीटर आणि उद्यानाची हद्द रंगवलेली. प्रत्येक मोरीची जागा. मलबा कुठे टाकणार त्या जागेचा खसरा क्रमांक. आणि रस्ता मोडण्याच्या खर्चाची हमी कुठे भरली, त्याची पावती. नकाशा हाती आला की तो घेऊन पावसाळ्यात एकदा ती आखणी पायी चालून पाहा. पाणी कुठून येते ते तेव्हाच दिसते, आणि तुमच्या गावातल्या गुराख्यांना ते कोणत्याही सर्वेक्षकाआधी माहीत असते.